विसाव्या वर्षी आईचा रोल

माझी जन्मतारीख एक जून. माझ्या वयाच्या निम्म्या मराठवाड्याची तीच असेल. माझे वडील अर्धापूरजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मास्तर होते. शाळेत नाव घालायला लेकरू आलं की ते त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. बोटं कानाला लागली की सहा वर्षं पूर्ण झाली असं समजायचं आणि रजिस्टरात एक जून लिहायचं. माझे हात लांब होते. साडेचार वर्षांची असतानाच माझी बोटं कानाला लागली, आईच्या मांडीवर पाठचं बाळ होतं, आणि वडिलांनी शांतपणे मला सहाची करून टाकलं. गावातल्या बाकीच्या लेकरांची वयं त्यांनी अंदाजानं लिहिली, माझं मात्र जाणूनबुजून चुकवलं. तेव्हापासून मी माझ्या वयाच्या पुढंच चालत आले आहे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

नांदेडला कॉलेजात गेल्यावर नाटकाचा नाद लागला. पहिल्याच वर्षी स्पर्धेच्या नाटकात मला सत्तर वर्षांच्या म्हातारीचं काम मिळालं, कारण बाकीच्या मुलींना तोंडावर सुरकुत्या काढून घ्यायच्या नव्हत्या. मी हो म्हणाले ते केवळ स्टेजवर जायला मिळावं म्हणून. मेकअप करणारे चाचा इतवाऱ्यातले, नवरीपासून नाटकातल्या राक्षसापर्यंत सगळ्यांचे चेहरे रंगवायचे. माझ्या कपाळावर पेन्सिलीनं रेघा ओढता ओढता त्यांनी सांगितलं, की चेहऱ्याची उमर मी करतो, मानेची आणि गुडघ्यांची तुझी तू बघ. मी बघितली. महिनाभर रोज बसस्टँडवर जाऊन म्हाताऱ्या बाया उठताना आधी हात कुठं टेकतात, ते पाहत बसले. मला अभिनयाचं बक्षीस मिळालं. त्या बक्षिसानंच माझा घात केला.

भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मुंबईची काही माणसं लातूरला येऊन उतरली. भूकंपात घर गेलेल्या मायलेकींवर त्यांना टीव्हीसाठी मालिका काढायची होती आणि कामं करायला इकडची माणसं हवी होती. नांदेडला आमच्या मांडणीवरची भांडी वाजली होती, तेवढाच आमचा भूकंप. पण मालिकेतल्या मुलीबद्दल ऐकलं आणि माझं कशात लक्ष लागेना. अठरा वर्षांची, नुकतीच बारावी झालेली, पत्र्याच्या शेडमध्ये गावातली लेकरं गोळा करून त्यांना शिकवणारी, आईला हसवणारी पोरगी. ती मला हवी होती. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटल्याचं आठवत नाही. मी दोन वेण्या घातल्या, मैत्रिणीचा पंजाबी ड्रेस घातला आणि पहाटेच्या एसटीनं लातूर गाठलं.

दिग्दर्शकानं आधी काय काय केलंय म्हणून विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात बक्षिसाचं प्रमाणपत्र पुढं केलं. ते त्यानं नीट वाचलं, माझ्या हातातला मुलीच्या संवादांचा कागद काढून घेतला आणि आईचा दिला. मी वाचला. दुसरं काय करणार? वाचून झाल्यावर तो शेजारच्याला म्हणाला, हीच आई.

मी म्हणाले, मी वीस वर्षांची आहे. त्यानं मी सोबत आणलेला शाळेचा दाखला उलटून पाहिला आणि कागदावर तर बावीस होत आलीत की, असं म्हणाला, जणू काही बावीस आणि चाळीस शेजारी शेजारी राहतात. मग त्यानं समजावून सांगितलं. आईला इकडची बोली हवी. मुंबईच्या बायकांना ती बोलता येत नव्हती, आणि इकडच्या चाळिशीतल्या बायांना त्यांच्या घरचे कॅमेऱ्यासमोर उभं राहू देत नव्हते. मुलगी कॉलेजात शिकलेली, तिची भाषा पुणेरी असली तरी खपली असती. मुलीच्या कामाला मुंबईची एक नट्टापट्टा न करताही ओळखू येणारी नटी ठरलेलीच होती. तिचं वय चौतीस. म्हणजे माझी लेक माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी.

निलंग्याकडच्या एका गावात शूटिंग झालं. कॅमेऱ्यासमोर ती मला आई म्हणायची आणि चहाच्या वेळी मी तिला ताई. सगळ्यांना त्याची गंमत वाटायची, मला वाटायची नाही. माझ्या केसांना सकाळी पांढरी पावडर फासायचे आणि तिच्या दोन वेण्या घालायचे, एकाच आरशासमोर. तिचा चेहरा जवळून घ्यायचा झाला की कॅमेरावाला भिंगावर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचा, म्हणजे चेहऱ्यावरच्या रेघा पुसट व्हायच्या. माझ्यासाठी कापड नाही. उलट उन्हात तोंड करून उभं राहा म्हणायचे, म्हणजे डोळ्यांखाली सावली पडेल. मी मनातल्या मनात तिच्या मानेवरच्या वळ्या मोजायचे. तिचे सगळे संवाद मला पाठ होते. शेतातल्या पाणंदीनं निकालाचा कागद उडवत धावत यायचा तिचा एक प्रसंग होता. ती धावताना पायाखाली बघून धावली. अठराव्या वर्षी पायाखाली कोण बघतं? हे मी पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या गावातल्या बायांना सांगितलं. त्यांतली एक, जिची स्वतःची लेक राहिली नव्हती, माझ्याकडं नुसती बघत राहिली. तिच्याकडं बघून मला कळायला हवं होतं की इथं माझं दुःख कुणी विचारात घ्यावं एवढं मोठं नाही. तरी ते होतं.

एका दुपारी ढग आले म्हणून काम थांबलं. आम्ही दोघी लिंबाखाली बसलो होतो. मी तिला सरळच विचारलं, की ताई, आईचं काम तुम्ही का केलं नाही, भाषा मी शिकवली असती. ती रागावली नाही. वेणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “एकदा आई केली की परत मुलगी करायला कुणी बोलवत नाही. म्हणून मी बारा वर्षं अठराचीच आहे, भातसुद्धा खात नाही. तू विसाव्या वर्षी आई झालीस. तुला कुणी सांगितलं नाही?”

मला कुणी सांगितलं नव्हतं. ढग गेले, माझा प्रसंग लागला, आणि मी अशी रडले की दिग्दर्शकानं उठून पाठ थोपटली. त्याला वाटलं भूकंपातल्या आईचं दुःख मला सापडलं.

मालिका लागली तेव्हा आमच्या गल्लीत कौतुक झालं. भाजीवाल्या मला माय म्हणायला लागल्या, मी त्यांच्याच लेकींच्या वयाची असून. मग स्थळं यायला लागली आणि कौतुक अंगाशी आलं. उदगीरकडच्या एका स्थळानं बाकी सगळं पसंत केलं होतं. पोहे झाले, मुलाची आत्या माझ्यामागं स्वयंपाकघरात आली, तिनं अंगठा जिभेला लावून माझ्या भांगाजवळचे केस चोळून पाहिले. कलप निघतो का ते बघत होती. निघाला नाही, तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, “खरं सांग बाई, पयलं लगीन झालंय ना तुजं? लेकरं कुठं ठिवलीस?”

आम्ही शाळेचा दाखला दाखवला. त्यावर माझं वय खऱ्याहून दीड वर्षानं जास्तच होतं, त्यामुळं आत्याबाईंचा संशय गेला नाही. ती माणसं गेल्यावर वडील ओट्यावर बसून राहिले. मी त्यांना त्या दिवशी पुष्कळ बोलले. माझ्या लेकीचं वय मी वाया घालवलं, एवढंच ते म्हणाले, तेही माझ्याकडं न बघता. मग मीच पाणी नेऊन दिलं. शेवटी ज्यांच्या घरी टीव्हीच नव्हता असं एक स्थळ शोधून काढलं. नवरा लातूरला फिजिक्स शिकवायचा. त्यानं मला मुलगी म्हणून पाहिलं, यासाठी मी त्याची जन्माची ऋणी आहे. पुढं मी शाळेत नोकरी धरली. नाटक सुटलं ते सुटलं. मुंबईहून दोनदा बोलावणं आलं होतं, दोन्ही वेळा आईच्या कामासाठी. मी गेले नाही.

बघता बघता लातूर क्लासचं गाव झालं. नवऱ्यानं आणखी दोघांच्या भागीदारीत क्लास काढला, आमच्या वरच्या मजल्यावर मुली राहायला आल्या, कुणी किनवटची, कुणी देगलूरची. रस्त्यावरच्या खांबाखांबावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले. माझी स्वतःची मुलगी सतराची झाली आणि मेडिकलच्या परीक्षेला बसायच्या तयारीला लागली. आठवडाभर ती पुस्तकातून मान वर काढायची नाही. रविवारी पेपर झाला की दुपारी तास दीड तास सुट्टी, त्यात ती फोनवर हिंदीत आणलेल्या कोरियन मालिका बघायची. मीही शेजारी जाऊन बसायचे.

शाळेच्या गणवेशातली नायिका बाकावर बसून चिठ्ठी लिहीत असायची. माझी मुलगी म्हणायची, “आई, ती तेहतीसची हाय, खरं वाटतं का?” मला वाटायचं. मी मानेकडं बघायचे, मनगटांकडं बघायचे, जुनी खोड. आणि दर वेळी त्या लिंबाखालच्या ताईंची आठवण येऊन लाज वाटायची. हळूहळू मला दिसायला लागलं, की त्या तेहतिशीतल्या बाया शाळकरी पोरीचं हसणं जरा जास्तच जपून हसतात. पोरीला ते फुकट असतं, बाईला ते गेलेलं माहीत असतं. मग आम्ही पाकिस्तानी मालिका बघितल्या, चिनी बघितल्या. सगळीकडं तेच. नायक चाळिशीत कॉलेजात जातो, त्याची आई त्याच्याहून जेमतेम पाच वर्षांनी मोठी दिसते. बायकांची गाडी मुलगी या स्टँडवरून सुटते ती थेट आईवर थांबते, मधले सगळे थांबे रद्द. मी हे मोठ्यानं बोलायचे आणि माझी मुलगी म्हणायची, आई, बघू दे ना गं. मी मालिकेत काम केलं होतं हे तिला ऐकून माहीत होतं. बघायला ती मालिका आता कुठं मिळत नव्हती, आणि त्याचं मला बरंच वाटायचं.

त्याच वर्षी क्लासच्या पोरांवर एक मालिका काढायला मुंबईची नवी मंडळी लातूरला आली. आता टीव्हीवर नाही, फोनवर दिसणारी. नवऱ्याच्या क्लासचा एक हॉल त्यांनी रविवारपुरता मागून घेतला. सतरा वर्षांची हजारो खरी पोरं गावात फिरत होती, पण विद्यार्थ्यांच्या कामाला अठ्ठावीस अठ्ठावीस वर्षांची माणसं मुंबईहून आणणार होते. खऱ्या पोरांना टेस्ट बुडवायला परवानगी नव्हती. नवरा मला म्हणाला, आईचं काम आहे, तू जाऊन तर बघ, आता तर शोभेल. मी बरं म्हणाले. पंचवीस वर्षांनी का होईना, माझं वय आणि रोलचं वय पहिल्यांदा एका जागी येत होतं. मनातून मी खूश होते, लपवत नाही. मुलगी स्कूटीवरून मला सोडायला आली आणि खाली पार्किंगमध्ये थांबली.

हॉलमध्ये तिघं बसली होती. दिग्दर्शक मुलगी होती, माझ्या भाच्यांच्या वयाची, बोलायला गोड. तिनं माझं वाचन ऐकलं, आवडल्याचं सांगितलं आणि कागद बदलून दिला. आईच्या कामाला मुंबईची एक नटी घेतली होती, छत्तिशीतली. माझ्यासाठी आजी. “मॅडम, आजीला ही भाषा लागेल,” ती म्हणाली, “आणि तुम्हाला पांढरे केस छान दिसतील.”

मला हसू आलं. मी तिला म्हणाले, “आजी करते मी. पण त्याआधी मला एकदा मुलीचा सीन वाचू द्या. घेऊ नका मला, नुसतं ऐका.”

ती तिघं एकमेकांकडं बघायला लागली. मग तिनं कागद दिला. होस्टेलवरची मुलगी घरी फोन करते, एवढाच सीन. नापास झालेली असते, ते सांगायचं असतं, आणि ती भाजी काय केली, म्हैस व्याली का, असलं काहीबाही विचारत राहते. मी उभी राहिले. खिडकीकडं तोंड केलं, कारण त्यांचे चेहरे मला बघायचे नव्हते. मान कशी धरली, हात कुठं ठेवले, मला सांगता येणार नाही. मी काही केलंच नाही. ती पोरगी इतकी वर्षं आत कोंडून बसली होती, तिला फक्त दार उघडून दिलं. मधेच हसू आलं ते तिचंच होतं. वाचून झालं. मग दिग्दर्शक मुलगी हळू आवाजात थँक यू मॅडम म्हणाली आणि आजीच्या कपड्यांची मापं घ्यायला शेजारच्या पोरीला सांगितलं.

मी खाली आले. माझी मुलगी स्कूटीला टेकून उभी होती, डोळे पुसलेले दिसत होते. वरच्या खिडकीखालीच ती थांबली होती.

“आई, तुझ्या आधी आत कोण होती गं?”

“का?”

“फोनवर बोलायचा सीन करत होती ती. लई भारी करत होती. मला रडायलाच आलं. कुठली होती?”

“नांदेडची,” मी म्हणाले.

“घेतलं का तिला?”

“नाही घेतलं. वयात बसत नव्हती.”

“बिचारी,” माझी मुलगी म्हणाली, आणि तिनं स्कूटी चालू केली.