धरलेला लंबक

निजामाचं राज्य होतं तेव्हा जालन्याला, मस्तगडातल्या आमच्या बैठकीत माणसापेक्षा उंच असं विलायती घड्याळ उभं होतं. त्याला चावी द्यायला दर गुरुवारी एक म्हातारा यायचा. त्याचं नाव कुणी कधी विचारलं नाही, सगळे त्याला घड्याळवाले चाचा म्हणायचे. तो आधी हात धुवायचा, मग टोपी काढून घड्याळाच्या लाकडाला कान लावायचा आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच उभा राहायचा.

माझं लग्न गुरुवारीच आलं. केदारखेड्याहून निघालेल्या वऱ्हाडाच्या गाडीचा आख वाटेत मोडला आणि इकडे मुहूर्त टळायला आला. वडील त्याला हळूच म्हणाले, "चाचा, काटा जरा मागं घ्या."

"न्हाई मालक, मागं फिरवलं की ठोके बिघडतात," तो म्हणाला. "थांबवा म्हणाल तर बिलकुल थांबवतो."

त्यानं घड्याळाचं दार उघडून लंबक हातात धरला आणि उभा राहिला. भटजी काट्याकडे बघत बसले. वऱ्हाड आलं, नवरदेव बोहल्यावर चढला, तेव्हा कुठं त्यानं लंबक सोडला. लग्न बरोबर मुहूर्तावर लागलं.

पुढच्या गुरुवारी चावी देऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "मालक, आता मागं राहिलेला काटा पुढं घेऊ का? पुढं घ्यायला हरकत न्हाई."

वडिलांनी नको म्हणून मान हलवली. नंतरही तो दर गुरुवारी विचारायचा आणि वडील तशीच मान हलवायचे. कचेरी आणि रेल्वे आपापल्या वेळेनं चालत राहिल्या. आमच्या बैठकीत मात्र माझा मुहूर्त कधीच टळला नाही.