तुटलेल्या कॅसेटचा उरलेला भाग

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझं भूत एकच – कॉम्प्युटरचा ऑटोमॅटिक अपडेट! दोन हजार पाच-सहाची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं जुन्या कॅसेटची सीडी करून द्यायचं दुकान होतं. हा अपडेट न विचारता यायचा, मशीन रीस्टार्ट करायचा आणि साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, गिळून बसायचा. म्हणून रेकॉर्डिंगआधी मी इंटरनेटची वायरच उपसून ठेवायचो. त्या दुपारी नेमका विसरलो...

हातकणंगल्याहून शोभाताई आल्या होत्या. त्यांचे वडील, आण्णा, भीमगीतं गायचे; नुकतेच वारले होते. दोन दिवसांनी त्यांचं पुण्यानुमोदन होतं – बौद्ध रीतीनं श्रद्धांजलीचा कार्यक्रम – तिथं सगळ्यांना ऐकवायला सीडी हवी होती.

"आण्णांचा आवाज ह्या एकाच कॅसेटमधी हाय बगा, दादा. जपून."

"काळजी करू नगा, ताई," मी ऐटीत म्हणालो.

कॅसेट लावली. खणखणीत आवाज! ताई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. दहा मिनिटं झाली असतील. मी चहा सांगायला दारात गेलो, वळून बघतो तर स्क्रीन काळी! मशीन परत सुरू झालं तेव्हा साउंडच्या चिन्हावर लाल फुली. रेकॉर्डिंग सेव्ह केलेलं नव्हतं. शिव्या हासडत मी कॅसेट मागं फिरवायला घेतली, तर जीर्ण टेप आत गुंतली आणि तिचे तुकडे झाले.

ताई रडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ड्रायव्हर परत टाकला. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडला... आत एक फाईल. दहा मिनिटांची नाही – पुरी अर्ध्या तासाची! लावली. आण्णा शेवटपर्यंत गात होते. गाणं संपलं, ते खाकरले आणि हळूच म्हणाले,

"शोभे, रडू नगंस. गावलं की समदं."

ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"दादा... ही कॅसेट माज्या जन्माआदीची हाय की ओ!"

नंतर तीन-चार जाणकारांना विचारलं. मशीननं आपोआप ठेवलेली टेंपररी फाईल राहिली असेल, म्हणाले. असेल बुवा. पण दहाव्या मिनिटाला मशीनच बंद पडलं होतं, मग पुढचं उतरवून कुणी घेतलं? आणि पोर रडतेय, हे आण्णांना कुणी सांगितलं?