तारप्याचा आवाज चालेल

आमचा गिटारवाला म्हणायचा, गाणी मी लिहीत नाही, प्रभू माझ्याकडून लिहून घेतो. मी एकदा विचारलं, मग दुसऱ्या कडव्यात यमक फसलंय ते कोणाचं? तेव्हापासून तो माझ्याशी जपून बोलायला लागला.

आम्ही तिघं होतो. तो डहाणूचा, लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा आणि स्वतःला स्वतंत्र कलावंत म्हणवायचा. म्हणजे कुठल्याच चर्चचा पगारी नाही, गाणं आपलं, चाल आपली आणि नेटवर चढवायचं तेही आपणच. दुसरा माझा सख्खा मोठा भाऊ. दादा ऑक्टोपॅड वाजवायचा, म्हणजे ते रबरी चौकोनांचं यंत्र, ज्यावर काठी मारली की ढोलही वाजतो आणि काचही फुटते. मी गायचे. आठवडाभर घोलवडला चिकूच्या पॅकिंगला आणि रविवारी प्रभूच्या सेवेला.

प्रार्थना आटपली की तलासरीच्या प्रार्थनाघरामागे पत्र्याच्या शेडमध्ये आमची तालीम असायची. हायवे हाकेच्या अंतरावर. अच्छाडच्या नाक्याकडे निघालेले ट्रक हॉर्न मारायचे आणि चालू रेकॉर्डिंगची माती व्हायची. मग रस्ता शांत होईपर्यंत आम्ही वाद घालत बसायचो. लोकांनी गाण्याचं कौतुक केलं तर खूश व्हायचं का? दादा म्हणायचा, तो गर्व आहे, गर्व पाप आहे. गिटारवाला म्हणायचा, व्ह्यूज वाढले तर सुवार्ताच वाढते, त्यात कसलं पाप. मी म्हणाले, मला गाताना देव आठवत नाही, पुढची ओळ आठवते. सूर नेमका लागला तर मागाहून देव आठवतो. दादानं त्यावर माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. भक्तिमान माणसाचा अबोला फार छळतो, कारण जेवताना तो आपल्यासाठी मोठ्यानं प्रार्थनाही करतो.

या वादात एका रविवारी आमचा बा येऊन पडला.

बाचं आधी सांगायला हवं. आम्ही वारली, डोंगराकडच्या पाड्यावरचे. बा तारपा वाजवायचा. वाळलेला दुधी, त्यात खोवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, सांधे मेणानं बुजवलेले. भात कापून झालं की पाड्यावर नाच उभा राहायचा. मध्ये बा आणि त्याच्या भोवती कमरेत हात गुंफलेली रांग. बा जिकडे सरकेल तिकडे रांग सरकायची. बानं चाल बदलली की पाय बदलायचे. आणि तारप्याकडे पाठ करायची नाही ही रीत, लहान पोरं सुद्धा पाळायची. गाल फुगवून तो वाजवायचा तेव्हा दम कधी घेतो ते कळायचं नाही. बरा वाजला का, हे तो नाच संपल्यावर फक्त नाचणाऱ्यांनाच विचारायचा. बसून ऐकणाऱ्यांचं मत त्याच्या लेखी शून्य.

२०१४ साली आई अंथरुणाला खिळली. कशानं उतार पडेना. कोणीतरी प्रार्थनेला न्यायला सांगितलं, नेली, आणि आई उठली. शेवटच्या गोळ्यांनी उठली की प्रार्थनेनं, यावर मी कोणाशी भांडत नाही. ती उठली एवढं मला पुरलं. घर प्रार्थनेचं झालं. पास्टरनी बाला सांगितलं, तारपा दुसऱ्या देवांचा आहे, तो सोडा. बानं सोडला, म्हणजे आढ्याला टांगला. आणि त्याच हंगामात पाड्यानंही बाला नाचाला बोलावणं बंद केलं. तुम्ही आता प्रार्थनेतले, म्हणाले. मी तेव्हा वयात आलेली, नाचाच्या रांगेत उभं राहायची वेळ आलेली, ते राहूनच गेलं. बा मात्र दोन्हीकडून गेला. इकडे वाजवायचा नाही, तिकडे बोलावत नाहीत. तो प्रार्थनेत शेवटच्या ओळीत बसायचा आणि गाणं चालू झालं की मांडीवर त्याची बोटं चालायची, दोन नळ्यांवर चालतात तशी. मला ते बघवायचं नाही.

२०१६ मधल्या त्या रविवारी तो शेडच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचे देवाला तारपा आयकवला तं काय बिघडंल?"

गिटारवाल्याचे डोळे असे चमकले की जणू नवा कॅमेरा दिसला. "काका, वाद्याला धर्म नसतो," तो म्हणाला. "हाच आपल्या मातीचा आवाज. मी हाच तर शोधत होतो!" शोधत होता म्हणे. दोन वर्षं बा त्याच्या मागे चार चटया सोडून बसत होता.

दादा उसळला. "बा, त्या तोंडानं तू त्या देवांना वाजवलंस. त्याच तोंडानं प्रभूला?"

"माजं तोंड एकच हाय रे," बा म्हणाला. "भाकर बी त्यानीच खातो."

मी हसले. दादा नाही हसला. पण गिटारवाल्यानं ठरवून टाकलं होतं. डहाणूला मोठी सभा व्हायची होती, आसपासच्या प्रार्थनाघरांची मिळून. त्याने बाच्या खांद्यावर हात टाकला. "काका, सभेत तुम्ही स्टेजवर. माझ्या शेजारी. शब्द देतो."

बानं तो शब्द घरी आणला आणि कामाला लागला. जुना दुधी चिरला होता, नवा निवडला, पोखरला, वाळवला. मोहाच्या झाडावरच्या पोळ्याचं मेण आणलं. रोज ओट्यावर बसून नळ्यांची जीभ पातळ करायचा, फुंकायचा, पुन्हा तासायचा. आई म्हणाली, लग्न झालं तेव्हा पण एवढा नटला नव्हता. बा लाजला. खरंच लाजला, मी पाहिलं.

शेडमध्ये रेकॉर्डिंगला आला तो धुतलेला सदरा घालून. गिटारवाल्यानं कानाला हेडफोन लावले, लॅपटॉप उघडला. बानं डोळे मिटले आणि वाजवलं. पत्रे थरथरले. एक ट्रक गेला तरी तो थांबला नाही, ट्रकच कमी पडला. चाल पूर्ण झाल्यावर त्याने तारपा खाली केला, ओठ पुसले आणि विचारलं, "बरा वाजला का रं?"

गिटारवाल्याच्या कानाला हेडफोन होते; त्याने रेकॉर्डिंग बंद केलं. दादानं ऑक्टोपॅडची वायर गुंडाळायला घेतली. मी तोंड उघडलं तोवर गिटारवाला म्हणाला, "पिच मध्येच कुठेतरी आहे. ना काळी दोन, ना पांढरी तीन." आणि दादा खो खो हसून म्हणाला, "बेसूर आहे, सरळ सांगा ना!" बानं तारपा कापडात गुंडाळला. विचारलेलं तसंच राहिलं.

पुढचं सगळं माझ्या माघारी झालं. चिकूचा मोसम जोरात होता, मी दोन रविवार आलेच नाही. सभेच्या दिवशी घोलवडहून थेट डहाणूच्या मैदानावर पोचले. बा आधीच येऊन शेवटच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर तारपा, आईच्या लग्नातल्या लुगड्यात बांधलेला. स्टेजवर एक माईक बांबूच्या उंचीला बसवलेला असेल म्हणून मी शोधला. नव्हता.

"बाचा माईक कुठाय?"

गिटारवाला तारा जुळवत राहिला. दादानं ऑक्टोपॅडच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर काठी टेकवली आणि बाचा तारपा वाजला. बाचाच. पण इस्त्री केलेला. काळी दोनमध्ये बसवलेला, ट्रक काढलेला, ओठांचा फुत्कार काढलेला. काठी दाबून ठेवली की वाजतच राहायचा.

"पास्टरचं म्हणणं पडलं," गिटारवाला म्हणाला, "बाप्तिस्मा न घेतलेला माणूस तारपा घेऊन स्टेजवर दिसला तर लोक गोंधळतील. आवाज चालेल म्हणाले. आणि खरं सांगू, तसाही टेम्पो जास्त पक्का राहतो."

"तुझ्या शब्दाचं काय?"

"मी मंडळींच्या विश्वासाआड येऊ शकत नाही ना, ताई." चर्चचा पगारी नव्हता तो, पण वेळ आली की शेपूट बरोबर हलायची.

मी दादाकडे वळले. "बाला सांगितलंस?"

"तू सांग," दादा म्हणाला. "तुझा लाडका आहे."

मी गाणार नाही म्हणाले. माईक खाली ठेवला. तेवढ्यात मैदानाच्या टोकाला बा उभा राहिलेला दिसला. त्याला आवाज ऐकू गेला होता. स्वतःचा आवाज कोण ओळखत नाही? त्याने एकदा मांडीवरून उचललेल्या गाठोड्याकडे पाहिलं, एकदा स्टेजकडे, आणि हात हलवून मला खूण केली. गा. मी उभी होते तशीच राहिले, त्याने पुन्हा खूण केली, जरा रागानं. मग मी गायले. अंगात आग पेटली होती आणि तोंडातून प्रेम, दया, शांती बाहेर पडत होतं.

लोकांना गाणं फार आवडलं. सगळे उठले, हात वर केले, डोलले, डोळे पुसले. सगळ्यांची तोंडं स्टेजकडे, दादाच्या काठीकडे. मैदानात जेवढी माणसं होती तेवढ्या पाठी बाच्या दिशेला होत्या. एकटी मी त्याच्याकडे तोंड करून होते, आणि मला गाण्यावाचून सुटका नव्हती. शेवटचं कडवं चालू असताना बा गाठोडं काखेत मारून निघाला. एरवी तो चालू लागला की रांग मागे यायची. पास्टर नंतर माईकवर म्हणाले, बघा, देवानं तारपासुद्धा शुद्ध केला. टाळ्या झाल्या. गर्व पाप आहे म्हणणारा दादा लवून लवून त्या घेत होता.

मी ती मंडळी सोडली. गिटारवाल्याचं ते गाणं नेटवर चांगलं चाललं. त्याखाली त्याने लिहिलं, तारपा: पारंपरिक. माझ्या बापाचं नाव पारंपरिक.

घरी बानं कोणाला शिवी दिली नाही, म्हणून मला त्याचाही राग आला. तारपा पुन्हा आढ्याला गेला. उंदरांनी मेण खाल्लं.

दोन वर्षांनी, भातकापणी झाल्यावर, पाड्यावरची चार तरणी माणसं आमच्या ओट्यावर आली. बाच्या जागी वाजवणारा पलीकडच्या पाड्यावरचा म्हातारा त्या पावसाळ्यात वारला होता. नाच उभा करायचा तर तारपा नाही. बा सूप विणत बसला होता. तो हातातलं काम ठेवून नीट बसला.

पण ते दादाकडे वळले. "तुझ्या मोबाईलमध्ये ती तारप्याची चाल हाय ना? तेवढी दे. बॉक्स लावू."

दादानं खिशात हात घातला. मग बाच म्हणाला, "मी येऊ का?"

त्यांतला मोठा जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमी परार्थनेतलं ना काका. देवाला नाय चालंत. निस्ता आवाज चालंल."

दोन वर्षांपूर्वी पास्टर हेच म्हणाले होते. देव बदलले तरी माणसं एका शाळेतली. मी त्या चौघांना हाकलून देणार होते, पण बा दादाला म्हणाला, "दे." दादानं मोबाईल काढला आणि पाठवून दिली. घाईत त्याने साफ केलेली धून न देता शेडमधलं मूळ रेकॉर्डिंग पाठवलं, अख्खं.

दिवस कलताना नाच सुरू झाला. बा म्हणाला, बघून येऊ. आम्ही खळ्याच्या कडेला उभे राहिलो. मध्ये, जिथे बा उभा राहायचा, तिथे खुर्चीवर स्पीकरचा काळा बॉक्स होता. भोवती रांग फिरत होती, कमरेत हात गुंफून. एकानंही बॉक्सकडे पाठ केली नाही.

"रीत पाळतात हां," बा म्हणाला.

मग बॉक्समधून ट्रक गेला. चाल संपली, आणि बाचा आवाज साऱ्या खळ्यावर घुमला. बरा वाजला का रं?

रांग दचकली, मग हसत सुटली. पोरींनी तोंडावर हात घेतले. कोणीतरी त्याच्यासारखा आवाज काढून दाखवला. तोवर चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. तीच चाल, तेच पाय. पुन्हा ट्रक, पुन्हा बरा वाजला का रं. दुसऱ्या वेळी थोडे हसले. तिसऱ्या वेळी कोणी हसलं नाही. सवय झाली. प्रश्न आला की पाय तेवढ्यापुरते थांबायचे, प्रश्न संपला की पुढे चालायचे. आमच्याकडे एकदोघांनी पाहिलं आणि नजर काढून घेतली.

बा ऐकत होता. मला वाटलं, कोणीतरी एकदा तरी उत्तर द्यावं, शत्रूनं दिलं तरी चालेल. शेवटी मला राहवेना. मी त्याचा हात धरून म्हणाले, "बरा वाजला, बा. त्या दिवशी बी बरा वाजला होता."

बानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा सगळा राग त्याने माझ्यासाठीच राखून ठेवला होता की काय कोण जाणे.

"तू कवा नाचलीस?" तो म्हणाला.

आणि हात सोडवून घेऊन घराकडे चालू लागला. मी त्याच्या मागे गेले, एकटीच. पाठीमागे बॉक्स पुन्हा विचारत होता.