शेतजमिनीवरचे शनिवार-रविवार

बोरिवलीतील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, हे शेतकरी आहेत. सातबाऱ्यावर तसं लिहिलेलं आहे. कृपया हसू नये, प्रकरण तहसील कचेरीत आहे.

दाजींची सगळी नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत स्क्रू तपासण्यात गेली. खाडीपलीकडे गोराईला त्यांची वडिलोपार्जित वाडी आहे. थोडे माड, पावसाळ्यात भात, नंतर वाल. निवृत्त झाल्यावर ते घरी बसून टीव्हीच्या रिमोटशी भांडायला लागले, तेव्हा ताईने त्यांना वाडीवर नेलं, दोन खोल्या बांधल्या आणि ऑनलाइन जाहिरात टाकली. शनिवार-रविवार पाहुणे येऊ लागले आणि दाजी माणसांत आले. उभ्या जन्मात स्वतःचं अंथरूण न घातलेला हा गृहस्थ मोबाइलवर बघून टॉवेलचे हंस करायला शिकला. प्रत्येक पलंगावर एक हंस, मान वाकवून बसलेला. पाहुणे त्याचे फोटो काढायचे आणि दाजी खिडकीआडून पाहुण्यांकडे बघत उभे राहायचे.

मग एका शनिवारी कुणीतरी मोठा स्पीकर लावला. शेजारच्या वाडीवाल्याने तक्रार केली आणि नोटीस आली: शेतजमिनीचा विनापरवाना बिनशेती वापर. तहसील कचेरीतले साहेब जागा बघायला येणार होते. पंचनाम्यात 'लॉजिंग' असं लिहिलं गेलं, तर खोल्यांना सील आणि दाजी परत रिमोटकडे.

"पैसे दिले म्हणून काय ते पाहुणे नाहीत?" ताईने आमच्या बिल्डिंगमधल्या वकीलबाईंना विचारलं.

"काकू, हा मुद्दा माझ्यासमोरच मांडा, तिथे नको. कृषी पर्यटनाच्या परवानगीसाठी अर्ज करू. तोवर बुकिंग बंद. साहेबांशी खोटं बोलायचं नाही, पण मिरवायचंही नाही. शेती दाखवा, विचारतील तेवढंच सांगा. आणि काका, तुम्ही तर बोलूच नका."

दाजींनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हाच मौनव्रताचं तेज आलं.

साहेब यायच्या दिवशी आम्ही वकीलबाईंना घेऊन सकाळच्या बोटीने पलीकडे गेलो. झाडांमधला झोपाळा उतरवला, स्वागताची पाटी काढली. सगळे हंस मोडल्याचं दाजींनी मानेनेच सांगितलं. मी शेतकऱ्यासारखा दिसावा म्हणून मला तण काढायला बसवलं.

थोड्या वेळाने ताई येऊन उभी राहिली. "अरे, तू वाल उपटतोयस. ऊठ. सावलीत बस आणि नुसता दिस."

साहेब आले ते घामाघूम. आता ताईचा स्वभाव. तिने थंडगार नॅपकिन पुढे केला, कोकम सरबताचा उंच ग्लास धरला आणि सवयीने विचारलं, "जेवण व्हेज की नॉनव्हेज?"

वकीलबाईंना मोठा खोकला आला. साहेबांनी फक्त पाणी घेतलं.

मग त्यांनी माड बघितले, वालाची एक शेंग सोलून दाणे चावून पाहिले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "शेती तर आहे." वकीलबाईंचा चेहरा उजळला. दाजींनी डोळे मिटून घेतले.

"खोल्या उघडा."

पहिल्या खोलीत कोयता, घमेलं, फवारणीचा पंप. साहेबांनी मान हलवली. दुसऱ्या खोलीत पलंग होता. पलंगावर स्वच्छ चादर आणि चादरीच्या अगदी मधोमध पांढराशुभ्र हंस. याच्या गळ्यात तर जास्वंदीचं फूलही होतं. बाकीचे मोडले असतील, हा मोडायला हात धजला नसावा.

साहेब बराच वेळ हंसाकडे बघत राहिले. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

ताईने माझ्याकडे बघितलं, मी वकीलबाईंकडे, वकीलबाईंनी खिडकीतून माडाकडे. सकाळपासून चहालासुद्धा हो-नाही न म्हणालेले दाजी, कान लालबुंद, आम्हाला बाजूला सारत पुढे झाले.

"मी केलं, साहेब. हत्तीपण जमतो मला, फक्त दोन टॉवेल लागतात."