एकदाच केलेला आग्रह

ओसाकातल्या त्या घराच्या दारात दर सोमवारी पेटी यायची. चिरलेल्या भाज्या, मोजून दिलेले मासे, मसाल्याच्या पुड्या. चिझुरू दातांच्या दवाखान्यातून थकून आली, की भात शिजेपर्यंत बाकीचा स्वयंपाक हातावेगळा व्हायचा. घरात माणसं चार: ती, नवरा, लेक आणि सासू सुमिए. पेटी मात्र तिघांची. चौघांची फ्रिजमध्ये मावायची नाही, असं कारण होतं.

“आई, तुम्हाला चालेल ना?” तिने सुरुवातीला विचारलं होतं.

“मला म्हातारीला काय लागतं? भातावर कोरा चहा ओतला, लोणचं घेतलं, झालं. हलकं बरं पडतं.”

इकडे पहिला नकार कुणी खरा धरत नाही. दोन-तीनदा आग्रह करावा लागतो, मग माणूस लाजत हो म्हणतं. चिझुरू याच गावात वाढलेली, तिला हे सांगायला नको. पण नकार सोयीचा होता, म्हणून तिने तो निमूट पदरात पाडून घेतला. पूर्वी सुमिएचं कालवण मोठ्या वाडग्यात मधोमध यायचं, आणि शेवटचा तुकडा ‘तू घे, तू घे’ करत तसाच राहायचा. पेटीतल्या जेवणात उरण्यासारखं काही नसायचंच.

एका संध्याकाळी ती बाजारातल्या, दुकानातच कटलेटं तळून विकणाऱ्या मटणवाल्याकडे थांबली.

“वहिनी, घरी पाहुण्यांचा राबता दिसतोय,” तो कढईवरून नजर न काढता म्हणाला.

“नाही बुवा. का?”

“सासूबाई रोज इथे उभ्यानं बटाट्याचं कटलेट खातात. म्हटलं, घरी बसायला जागा नसेल.”

शेजारच्या बायका हसल्या. चिझुरूला तोंड लपवावंसं वाटलं. सासूला आपण उपाशी ठेवलं, तेही गोड बोलून, हे तिला रस्ताभर टोचत राहिलं.

पुढच्या सोमवारी चौघांची पेटी आली. तिने चार ताटं वाढली.

“आई, बसा.”

“नको गं.”

“बसाच.”

“खरंच नको.”

चिझुरूने तिचा हात धरला. “माझं चुकलं, आई. घासभर तरी खा.”

सुमिए ओशाळली. “अगं, पोट भरलंय. तिथे कटलेट खायला आमचं चौघी मैत्रिणींचं छान जमतं आता. मी नाही गेले तर त्या खोळंबतात. आधी सांगायला हवं होतं मी, तुला उगीच त्रास झाला.”

सुमिएने वाकून माफी मागितली. त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते, तर चिझुरूच्या घशाखाली घास उतरला असता.