बेबीकाकूंची वळायची जागा

बेबीकाकू कोणाच्याही वास्तुपूजनाला गेल्या की फरशीची, रंगाची स्तुती करत नसत. चाकाची खुर्ची थेट स्वयंपाकघरात नेत, ओट्यासमोर थांबत आणि जागच्या जागी पूर्ण फिरून पाहत. खुर्चीची पाय ठेवायची फळी कपाटावर आदळली, की घरच्या बाईला म्हणत, "सुंदर हाय वं बाई, पण तुया घरी मी पाहुणीच." ती न आदळता फिरली, असे एकही घर मला आठवत नाही.

काकू नागपुरात आमच्या शेजारी राहत. अपघातात त्यांच्या कमरेखालचे बळ गेले. स्वयंपाकाची ओढ मात्र तसूभरही कमी झाली नाही. जुन्या घरातले त्यांचे स्वयंपाकघर बोळासारखे होते. खुर्ची सरळ आत जाई आणि तशीच उलटी बाहेर येई. त्यामुळे तिखटापासून तव्यापर्यंत सारे कोणीतरी हातात द्यावे लागे. काकूंना ते मुळीच मानवत नसे. "मांगून मांगून केलेली भाजी देणाऱ्याची होते. मी नुसती चमचा हालवते," असे त्या म्हणत.

त्यांच्या मुलाने, विलासने, हुडकेश्वरला फ्लॅट घेतला तेव्हा इमारतीचे काम चालू होते आणि मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते. "आई, आता तू आराम कर," असे विलासने जाहीर करून टाकले.

"काहून? मी थकली काय?" काकूंनी विचारले आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. "पोट्टे, तुया पुस्तकात माया स्वयंपाकघराचं काय लिहून हाय, पाह्य बरं."

मी पाहिले. त्या इमारतीला लागू असलेल्या नियमांत प्रवेशाचा उतार होता, लिफ्टची रुंदी होती, स्वयंपाकघराचे किमान क्षेत्रफळही होते. खुर्चीला वळण्यासाठी साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, हेही मार्गदर्शक सूचनांत होते. पण घरातल्या स्वयंपाकघरात ती सोडण्याची सक्ती कोणावरच नव्हती. मी हे मुद्देसूद समजावून सांगितले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे सरकार मले दारापावतो आणते अन् तिथून हात जोडते," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे बांधकामावर गेलो. स्वयंपाकघराची हॉलकडची भिंत अजून उठायची होती. काकूंनी गवंड्याला भिंतीच्या आणि ओट्याच्या जागी सिमेंटाशिवाय नुसत्या उभ्या विटांची एकेक ओळ मांडायला लावली आणि खुर्ची फिरवली. वीट पडली. पुन्हा मांडली, पुन्हा पडली. भिंत हॉलकडे सरकवली, फ्रिज बाहेर काढला आणि ओट्याखाली गुडघे जाण्याइतकी पोकळी ठेवली, तर वर्तुळ बसते, असा माझा हिशेब होता.

"हॉलमधी फ्रिज? लोकं काय म्हणतीन?" विलास म्हणाला.

"थंड पाणी मांगतीन."

तो हसला नाही. हॉल आधीच लहान होता आणि त्याने तो हौसेने निवडला होता. मग काकू हळू आवाजात म्हणाल्या, "तू मले जेवू घालशील, ठाऊक हाय मले. पण माया हातचं तुले कोण जेवू घालन रे?"

हॉलकडची विटांची ओळ विलासने स्वतःच पायाने मागे सारली.

त्या स्वयंपाकघरात काकूंनी पुढे मनसोक्त रांधले. पाटवड्यांचा रस्सा उकळत असायचा आणि त्या ओट्यावरून सिंककडे, सिंकवरून डब्यांच्या फळीकडे एका झोकात वळायच्या. मी मदतीला उठले, की "बस वं, इंजिनिअरबाई, आता तुयं काय काम?" म्हणून दटावायच्या. आता मी घरांचे आराखडे करते. कागदावर कितीही अचूक वर्तुळ काढले, तरी मला ऐकू येते ते त्या चाकांचे फरशीवरचे घासणे.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. काही महिन्यांनी विलासने ओटा बदलायला काढला आणि सल्ल्यासाठी मला बोलावले. सुताराने सगळीकडे टेप लावला, मधल्या मोकळ्या फरशीवर आपली पेटी ठेवली आणि म्हणाला, "दादा, एवढी जागा फुकट चालली. इथं मस्त कपाट बसते. बसवू काय?"

"नाही गा," विलास म्हणाला. "तिथं आई वळते."

सुताराने हॉलमधल्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिले. मग वाकून त्याने आपली पेटी उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली.