मिलिंदच्या तुडतुड्याखालचं दुसरं लेबल

मिलिंदने आयुष्यात एकदाच लेबलवर खोटं लिहिलं.

तेही माझ्यासाठी.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिलिंद माझा बीएस्सीचा दोस्त. मी पुढे शिकले, आता मुलुंडच्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवते. त्याचे बाबा अचानक गेले, मग तो घाटकोपरच्या एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर उभा राहिला, तो शेवटपर्यंत. पण दोघांत किडे जास्त कोणाला कळायचे, तर त्याला. माझ्याकडे फक्त डिग्री होती.

तो राहायला बोरीवली ईस्टला, नॅशनल पार्कच्या भिंतीजवळ. सोसायटीमागच्या झुडपांत त्याला एक तुडतुडा सापडला. भातावर पडतात ना, त्यांच्याच भाऊबंदांतला. तांदळाच्या दाण्याएवढा, हिरवट, पंखांवर एक तिरकी काळी रेघ.

फोन आला. "वैशू, हा कुठल्याच पुस्तकात नाहीये. तू बघ ना जरा."

बघितलं. खरंच नव्हता.

मग तीन वर्षं, दर रविवारी सकाळी सातला, त्याच्या सोसायटीच्या गेटवर.

जाळी घेऊन झुडपं झोडपायची आणि जाळीत काय आलं ते बघत बसायचं. वॉचमनला वाटायचं आम्ही मच्छर मारायला आलोय. मिलिंदने कधी त्याचा गैरसमज दूर केला नाही, कारण त्यामुळे चहा मिळायचा.

तीन वर्षांत अकरा तुडतुडे मिळाले. अकराच्या अकरा माद्या.

आणि नवी जात आहे असं सांगायला नर लागतो. त्याच्या पोटाच्या टोकाचे अवयव मायक्रोस्कोपखाली तपासल्याशिवाय आमच्यात कोणी विश्वास ठेवत नाही.

मिलिंद वैतागायचा. म्हणायचा, यांचे नवरे काय सगळे गल्फला गेलेत का?

लेबलच्या बाबतीत मात्र तो मस्करी करायचा नाही. किडा पकडला की तिथल्या तिथे, पेन्सिलीने, चिठ्ठी लिहायची. कुठे, कधी, कोणी पकडला. एकदा मी चार किड्यांची लेबलं घरी जाऊन आठवून लिहिली. त्याने विचारलं, भिंतीच्या अलीकडचे की पलीकडचे? मी म्हटलं, जाऊ दे ना यार, चार पावलांचा तर फरक आहे.

त्याने चारही किडे बाजूला काढले. फेकून दिले.

"लेबल खोटं असेल ना, तर किडा फुकट मेला."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंसुद्धा नसावं.

त्याच्या शेवटच्या रविवारी मी गेले नाही.

कारण काही नव्हतं. कंटाळा आला होता. डोकं दुखतंय असा मेसेज टाकला आणि पुन्हा झोपले.

सोमवारी त्याचा मेसेज. "या रविवारी नक्की ये. काहीतरी दाखवायचंय."

मी अंगठा पाठवला. फक्त अंगठा.

गुरुवारी तो काउंटरवरच कोसळला. बेचाळीस वर्षांचा होता.

महिन्याभराने त्याच्या आईने मला घरी बोलावलं. काकू मूळच्या भंडाऱ्याच्या. फ्रिजच्या दारातून त्यांनी इंजेक्शनची एक छोटी काचेची बाटली काढली. म्हणाल्या, हे वैशूचं आहे, कोणी हात लावायचा नाही, असं त्याने बजावून ठेवलं होतं.

आत स्पिरिट. स्पिरिटमध्ये एक तुडतुडा.

नर.

आणि त्याच्यासोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. जागा बरोबर. तारीख त्या रविवारची. पकडणारे: मिलिंद आणि वैशाली.

मी तिथेच फरशीवर बसून रडले.

काकूंनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, आम्ही दोघांनी मिळून पकडला असं लिहिलंय. त्या म्हणाल्या, मग तसंच असन. त्यांना खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. काकू, सून तुम्हाला फेसबुकवरच्या पोस्टी वाचून दाखवते असं तुम्ही म्हणाला होता. आज ऐका. मी तिथे नव्हते.

या आठवड्यात त्या तुडतुड्यावरचा आमचा रिसर्च पेपर छापून आला. बऱ्याच जणांनी सुचवलं होतं, किड्याला मिलिंदचं नाव दे. नाही देता येत. तो स्वतः लेखक आहे, आणि आपल्याच किड्याला आपलं नाव द्यायचं नसतं. त्याला लेखकांतून काढलं असतं तर जमलं असतं. पण आजवर लोकांनी त्याचे किडे घेतले आणि त्याचं नाव शेवटी आभारात बारीक अक्षरांत टाकलं. यावेळी ते पहिलं आहे. हा तुडतुडा जिथे जिथे लिहिला जाईल, तिथे मागे त्याचं आडनाव लागेल.

किड्याला नाव काकूंचं दिलं. मिलिंदची तीच इच्छा होती. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "ज्यानं आमचं धान खाल्लं, त्याले माझं नाव?" मग पदर डोळ्यांना लावून हसल्या.

राहिलं ते लेबल.

पेपरमध्ये "कोणी पकडला" इथे मी दोन्ही नावं टाइप केली. दोन दिवस तशीच राहू दिली. मग माझं पुसलं.

पण तो नर आता बाटलीतून संग्रहालयातल्या टाचणीवर गेलाय, आणि तिथे मूळ लेबल कधी काढत नाहीत. चुकीचं असलं तरी टाचणीवर तसंच राहतं, दुरुस्तीचं लेबल त्याच्याखाली टोचतात. म्हणून आता त्या टाचणीवर दोन चिठ्ठ्या आहेत. वर तुझं अक्षर. खाली माझं:

"वैशाली त्या दिवशी हजर नव्हती."

आपण दोघं गेल्यावरही ते तिथे राहील. तुझं खोटं आणि माझं खरं, एकाच टाचणीवर.

किडा फुकट नाही गेला रे.

तू सवयीने माझं नाव लिहिलंस की मुद्दाम, एवढं फक्त विचारायचं राहिलं.

श्रद्धांजली लिहायला हात होत नाही. उद्या रविवार आहे. सातला गेटवर येते.